नावेला वाट देणारा पूल

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी" ही म्हण आपण मराठी माणसे उठता-बसता वापरतो. पण ते रामेश्वर नेमके आहे कसे, तिथे जाताना समुद्र कसा ओलांडावा लागतो आणि ती वाट शेकडो वर्षे कोणाच्या हातात होती, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. काशी-रामेश्वर ही जोडी आपल्या भाषेत यात्रेची जोडी म्हणून रुजली आहे. महाराष्ट्रातून निघालेला यात्रेकरू काशीची गंगा घेऊन रामेश्वरला पोहोचायचा, तो शेवटच्या टप्प्यात नावेत बसूनच. रामेश्वर हे बेट आहे आणि १९१४ सालापर्यंत त्याला पूल नव्हता. शिवाच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंना त्या पाण्यापलीकडे नेणाऱ्या नावाड्यांमध्ये मुसलमानही होते. आम्हाला इथे लिहायचे आहे ते पांबनच्या पुलाबद्दल, आणि त्यामुळे या नाववाल्यांबद्दलही.

आधी जागा समजून घ्यावी लागेल. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात मुख्य भूमीचे शेवटचे टोक म्हणजे मंडपम. त्याच्यापुढे सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे उथळ पाणी, आणि पलीकडे पांबन बेट. याच बेटावर रामेश्वरचे मंदिर आहे. बेटाचे शेपूट आग्नेयेला सिलोनच्या दिशेने निमुळते होत जाते, ते धनुष्कोडी. तिथून पुढे वाळूच्या दांड्यांची आणि छोट्या बेटांची रांग थेट मन्नारपर्यंत जाते. या साऱ्याच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. दोन समुद्रांच्या मधोमध निसर्गाने हा बांध घातला आणि त्यात पांबनपाशी एक अरुंद फट ठेवली. लहान जहाजांना एका समुद्रातून दुसऱ्यात जायचे तर ही फट, नाही तर सबंध श्रीलंकेला वळसा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पांबनचा पूल उघडता का ठेवावा लागला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाळूच्या त्या रांगेला हिंदू बांधव रामसेतू म्हणतात, तर इंग्रजी नकाशांत ती आदमचा पूल झाली. हे दुसरे नाव इंग्रजांच्या डोक्यातून निघालेले नाही. हजरत आदम अलैहिस्सलाम जन्नतमधून सरनदीपच्या डोंगरावर उतरले, अशी समजूत अरब दर्यावर्दींमध्ये फार जुनी आहे आणि हे नाव त्याच समजुतीच्या सावलीत वाढले. रामेश्वरमध्ये हाबील-काबील यांच्या नावाचा दर्गाही दाखवतात. अल्बेरूनीने 'किताब-उल-हिंद'मध्ये रामाच्या सेतुबंधाची नोंद केली आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता सरनदीपमधला आदमच्या पावलाचा डोंगर पाहून माबारच्या किनाऱ्याकडे निघाला, तेव्हा त्याचे जहाज किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात अडकले आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी येऊन मंडळींना सोडवले. एकाच वाळूला दोन धर्मांच्या लोकांनी आपापल्या आठवणी जोडल्या आणि शतकानुशतके त्यावरून कुणाचे डोके फुटले नाही. अलीकडे मात्र या सेतूवरून न्यायालयापर्यंत वाद गेले. त्यात आम्ही इथे शिरत नाही.

या किनाऱ्यावरच्या मुसलमानांना मरक्कायर म्हणतात. नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. कुणी ती 'मरक्कलम' म्हणजे लाकडी जहाज या तमिळ शब्दाशी जोडतो, तर कुणी 'मरकब' या अरबी शब्दाशी. दोन्हीकडून अर्थ नावेपाशीच येऊन थांबतो. अरब व्यापारी आणि इथल्या स्त्रिया यांच्या सोयरिकीतून हा समाज घडला, असे ते स्वतः मानतात. किळक्करै, कायलपट्टणम, नागूर ही त्यांची गावे. नागूरचे शाहुल हमीद तर दर्यावर्दींचे पीरच. या मंडळींचा मजहब शाफई. कोकणी मुसलमानांचा, भटकळच्या नवायतांचा आणि केरळच्या मापिलांचाही तोच. उत्तर हिंदुस्थान हनफी आणि किनारा शाफई, हा फरक सैन्याबरोबर आलेला इस्लाम आणि गलबतांबरोबर आलेला इस्लाम यांच्या वेगळ्या वाटा दाखवतो. आपल्याकडची नाखुदा, नाखवा, तांडेल, सारंग ही आडनावे आणि तिकडचे मरक्कायर हे एकाच समुद्राचे भाऊबंद आहेत, असे आम्हाला तिथे फिरताना सतत जाणवत होते.

आणखी एक जाणवले. रामेश्वरच्या मशिदीच्या आळीत आम्ही सलाम करून सवयीने उर्दूत बोलू लागलो, तर समोरचे वृद्ध गृहस्थ हसले आणि त्यांनी नातवाला हाक मारली. त्यांना उर्दू येत नव्हते. त्यांची भाषा तमिळ, घरातली आणि बाजारातलीही. नातू शाळेत शिकलेल्या हिंदीतून दुभाषाचे काम करू लागला. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण आपल्या मराठी मुसलमानांच्या गळ्यात किती वर्षे घातले गेले आहे, आणि "तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?" हा प्रश्न आपण किती वेळा ऐकला आहे! तिकडे उमरु पुलवर या कवीने सतराव्या शतकाच्या सुमारास पैगंबरांचे चरित्र 'सीरापुराणम' या नावाने तमिळ काव्यात मांडले. किळक्करैचा जहाजमालक सीदक्कादी हा त्याचा आश्रयदाता होता. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याची आठवण तिथे झाल्याशिवाय कशी राहील? त्या वृद्ध गृहस्थांनी पुलाला वापरलेला शब्दही आम्ही टिपून घेतला. 'तूक्कु पालम', म्हणजे उचलता पूल.

आता पुलाकडे वळू. पूल बांधला तो रामेश्वरच्या यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून, असा समज असेल तर तो सोडावा लागेल. सिलोनमधल्या इंग्रजांच्या चहाच्या मळ्यांना तमिळ मजूर हवे होते. त्यांची भरती तमिळ मुलखातून होई. मंडपमला सिलोन सरकारने या मजुरांसाठी छावणी उभारली होती. रोगराई तिकडे जाऊ नये म्हणून त्यांना तिथे ठेवून, तपासून मगच पुढे धाडत. त्या भागाला आजही मंडपम कँप म्हणतात. (पुढे श्रीलंकेत यादवी पेटली आणि तिकडून पळून आलेल्या तमिळ निर्वासितांना याच मंडपममध्ये ठेवले गेले. इतिहासाची उलटी फेरी म्हणतात ती अशी.) मजूर, टपाल आणि माल यांना मद्रासहून कोलंबोला लवकर पोहोचवायचे, हा रेल्वेचा खरा हिशोब. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी गरज सिलोनची आणि पूल पांबनला. रूळ मंडपमहून पांबनला, पांबनहून धनुष्कोडीला, तिथून आगबोटीने तलैमन्नारला आणि पुन्हा रेल्वेने कोलंबोला, असा बेत ठरला. ऑगस्ट १९११ मध्ये काम सुरू झाले आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल खुला झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी अधिक, १४० हून अधिक खांब. भारतातला हा पहिला समुद्रावरचा पूल. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू पुरा होईपर्यंत, म्हणजे २००९-१० पर्यंत, देशातला सर्वांत लांब सागरी पूल म्हणून याचेच नाव घेत. जवळजवळ शतकभर हा मान एका मीटरगेजच्या पुलाकडे होता.

पण रूळ टाकले की पांबनची ती फट बंद होणार. म्हणून मधला सुमारे दोनशे फुटांचा गाळा उघडता ठेवला. ही युक्ती शिकागोच्या विल्यम शर्झर नावाच्या अभियंत्याची. तो १८९३ सालीच वारला. त्याच वर्षी त्याला या रचनेचे पेटंट मिळाले होते, पण तिचा जगभर झालेला प्रसार पाहायला तो राहिला नाही. ती युक्ती थोडी समजावून सांगितली पाहिजे, कारण तिच्यात मौज आहे. लंडनच्या टॉवर ब्रिजची पाने एका पक्क्या आसाभोवती वर उचलली जातात, पेटीचे झाकण उघडावे तशी. शर्झरच्या रचनेत आस नाही. प्रत्येक पानाच्या बुडाशी लोखंडाचे मोठे अर्धचंद्री पाय असतात, आजोबांच्या झुलत्या खुर्चीला असतात तसे. पान उचलताना हे पाय खालच्या पट्टीवर मागे गडगडत जातात. त्यामुळे पान वरही जाते आणि मागेही सरकते, आणि जहाजाला वाट अधिक मोकळी होते. मागच्या बाजूला पानाच्या वजनाला तोलणारे वजन बसवलेले असते. खुर्चीत बसलेला माणूस जसा अंगाच्या थोड्याशा झोक्याने मागे कलतो, तसे शेकडो टनांचे हे पान माणसाच्या हाताने उघडता येते. पांबनला ते हातानेच उघडत. दोन्ही काठांच्या पानांवर माणसांच्या टोळ्या लांब लोखंडी दांडे गोल फिरवीत, दातेरी चाके हळूहळू वळत आणि दोन पाने नमाजातल्या दुआला उचललेल्या हातांसारखी वर जात.

हे दृश्य आम्ही २०११ साली पाहिले. पूल आम्ही रस्त्यावरूनच पाहिला, कारण शेजारून जाणारा उंच रस्त्याचा पूल हीच तो पाहण्याची खरी जागा आहे. खाली रेल्वेचा पूल पाण्याला जवळजवळ टेकलेला, आणि दोन्ही बाजूंना समुद्राचे दोन वेगळे रंग. पाने उघडायला बराच वेळ लागला. आमच्याबरोबरच्या पोरांना कंटाळा आला, पण आम्हाला नाही. यंत्राचा आवाज नव्हता, माणसे एका तालात गोल चालत होती, एवढेच. मग मन्नारच्या बाजूने तांडा करून थांबलेल्या मच्छिमारी बोटी एकामागून एक निघाल्या. बोटी लहान असतील तर पूल उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. त्या इतर गाळ्यांखालून डोके वाकवून जातात. उघडावे लागते ते उंच डोलकाठीच्या, मोठ्या बोटींसाठी आणि पडावांसाठी. त्यांना बंदर कार्यालयाकडे आधी परवानगी मागावी लागते, पाच-दहा बोटी जमल्या की मग पूल उघडतो.

उघडत्या पुलाकडे पाहणारा माणूस सहज म्हणतो, पाहा, रेल्वे नावेसाठी थांबते! आमच्याही तोंडून ते निघाले असते. पण पांबनचा इतिहास याच्या बरोबर उलट आहे. पुलाने जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना वाट ठेवली. ज्या नावा या काठावरून त्या काठावर जात होत्या, त्यांची वाट मात्र त्याने कायमची बंद केली. मंडपमहून रामेश्वरला यात्रेकरू नेणे, किराणा माल बेटावर पोहोचवणे आणि सिलोनशी देवघेव करणे, यावर पांबनच्या बऱ्याच मरक्कायर घराण्यांचा संसार चालत होता. त्यातले एक घराणे आज साऱ्या देशाला माहीत आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे पूर्वज या किनाऱ्यावरचे सधन व्यापारी होते, त्यांच्या नावा होत्या, जमीनजुमला होता. १९१४ साली पूल झाला आणि त्यांचा धंदा बसला. पुढच्या काही वर्षांत एकेक मालमत्ता गेली. उरले ते मशिदीच्या आळीतले राहते घर. कलामांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा. म्हणजे ते जन्मले तोवर घराण्याचे वैभव ही ऐकीव गोष्ट झाली होती. कलाम गरीब नावाड्याचा मुलगा होते, असे आपण शाळेतल्या भाषणांत ऐकतो. पण तो नावाडी गरीब का झाला, हे त्या भाषणांत कुठेच येत नाही.

त्यांचे वडील जैनुलाबदीन हे स्थानिक मशिदीचे इमाम. मोठी फेरी पुलाने खाल्ली, म्हणून त्यांनी रामेश्वर ते धनुष्कोडी अशी यात्रेकरूंची ने-आण धरली. 'अग्निपंख' वाचलेल्या मराठी वाचकाला हे आठवत असेल. माधुरी शानभाग यांच्या अनुवादाने ते पुस्तक आपल्या घराघरांत पोहोचले. त्यात वडिलांनी लाकडी नाव बांधायला घेतल्याचे वर्णन आहे. अहमद जलालुद्दीन मदतीला होते, ते पुढे कलामांचे मेव्हणे झाले. पोरगा कलाम ती नाव आकार घेताना पाहत बसे. पुढे एका वादळाने तीही नेली. सीतारामकल्याणाच्या उत्सवात देवाच्या मूर्ती रामतीर्थ तळ्याच्या मधोमध नेण्यासाठी खास मंचाच्या नावा हे मुसलमान घर पुरवत असे, हेही त्याच पुस्तकात आहे. मंदिराचे पुजारी पक्षी लक्ष्मणशास्त्री आणि इमाम जैनुलाबदीन हे जिवलग मित्र. या मैत्रीचे गोडवे आपण व्यासपीठांवरून पुष्कळ गातो. आम्हाला मात्र तिच्या खालचा व्यवहार अधिक मोलाचा वाटतो. यात्रेकरू हिंदू, नाव मुसलमानाची, देव पलीकडे. एकाचे पुण्य दुसऱ्याच्या वल्ह्यावर आणि दुसऱ्याची भाकर पहिल्याच्या श्रद्धेवर. ही गाठ कुणा सुधारकाने व्याख्यान देऊन बांधली नव्हती. ती पाण्याने बांधली होती, आणि पुलाने ती सैल केली. गाडीतून थेट मंदिरापाशी उतरणाऱ्या यात्रेकरूला मशिदीच्या आळीत जायचे काही कारण उरले नाही.

हे लिहिताना पुलाविरुद्ध गाऱ्हाणे मांडायचे नाही. कोकणात सावित्री-वाशिष्ठीच्या खाड्यांवर पूल झाले तेव्हा तिथल्या तरीही बंद पडल्या, आणि पूल नको असे कुणी म्हटले नाही. आजारी माणसाला रात्री खाडीपार न्यायचे असते त्याला विचारा. पांबनच्या रेल्वेनेही बेटाला खूप दिले. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वर स्थानकावरचा गाडीचा थांबा बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वर आणि धनुष्कोडीच्या मध्ये धावत्या गाडीतून खाली फेकले जात. कलामांचा चुलतभाऊ शमसुद्दीन वर्तमानपत्रे विकत असे, त्याला गठ्ठे झेलायला जोडीदार हवा होता. तो जोडीदार म्हणजे छोटा कलाम. आयुष्यातली पहिली कमाई ती. जी गाडी पूल ओलांडून आली आणि आजोबा-पणजोबांचा धंदा घेऊन गेली, तिच्यातूनच नातवाच्या हातात पहिले पैसे पडले. इतिहास असा सरळ हिशोबात बसत नाही, म्हणून तर तो लिहावा लागतो.

डिसेंबर १९६४ चे वादळ हा पुलाच्या इतिहासातला काळा दिवस. २२ डिसेंबरच्या रात्री समुद्र धनुष्कोडीवर चालून आला. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक माणसांसह लाटेने गिळली. ही गाडी पुलावरून समुद्रात पडली असे अजूनही पुष्कळजण सांगतात, छापूनही येते. ते खरे नाही. गाडी पूल मागे टाकून धनुष्कोडीच्या तोंडाशी पोहोचली होती, तिथे ती गेली. धनुष्कोडी गाव सरकारने राहण्यास अयोग्य ठरवले. स्थानक, चर्च, टपाल कचेरी यांच्या भिंती वाळूत उभ्या आहेत. पुलाचीही दैना झाली. सव्वाशेच्या आसपास गर्डर वाहून गेले. मात्र नावांना वाट देणारा मधला शर्झरचा गाळा टिकला. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि ई. श्रीधरन नावाच्या तरुण अभियंत्याने समुद्रतळाशी पडलेले गर्डर शोधून, उचलून, पुन्हा बसवून ४६ दिवसांत पूल उभा केला. हेच श्रीधरन पुढे आपल्या कोकण रेल्वेचे शिल्पकार झाले. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत गाडीत बसणाऱ्यांनी पांबनचे हे ४६ दिवस आठवावेत.

धनुष्कोडी गेल्यावर सिलोनची आगबोट रामेश्वरहून सुटू लागली आणि श्रीलंकेतल्या यादवीमुळे १९८४ साली तीही थांबली. ज्या कारणासाठी पूल बांधला होता ते कारणच संपले. उरला तो यात्रेकरू, ज्याच्यासाठी तो मुळात बांधलाच नव्हता. १९८८ साली शेजारी रस्त्याचा उंच पूल झाला. तो उघडावा लागत नाही, बोटी त्याच्या खालून जातात. २००७ साली जुन्या पुलावर ब्रॉडगेजचे रूळ बसले. पण खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्ले होते. वाऱ्याचा वेग तासाला ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवत, आणि एरवीही त्या पुलावरून रांगत जात. २०१३ च्या जानेवारीत एक वाहवत आलेली बार्ज पुलाच्या खांबांवर आदळली, तेही त्याने सोसले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधल्या गाळ्याची अवस्था पाहून गाड्या बंद केल्या गेल्या, आणि जुन्या पुलावर त्या पुन्हा आल्या नाहीत. १९१४ ते २०२२, म्हणजे १०८ वर्षे.

नवा पूल जुन्याच्या शेजारीच उभा आहे. १ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी केली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्यांनीच उद्घाटन केले. याची रचना निराळी आहे. ७२.५ मीटर लांबीचा मधला गाळा आडवाच्या आडवा, दोन मनोऱ्यांच्या मधून, १७ मीटर सरळ वर जातो. विहिरीवरच्या रहाटाला जसा एका बाजूला पोहरा आणि दुसऱ्या बाजूला वजन, तशी यालाही दोरखंड, कप्प्या आणि तोलवजने आहेत. फिरवायला माणसांची टोळी नाही, विजेची यंत्रे आहेत.

आम्ही पुन्हा गेलो ते त्याच वर्षी जून संपता संपता. मुद्दाम ती वेळ साधली होती. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ती बंदी उठली की बोटींची धांदल सुरू होते. रस्त्याच्या पुलावर नेहमीसारखी गर्दी होती, मोबाइल उंचावलेले. गाळा वर गेला तो काही मिनिटांतच, इतक्या झटपट की शेजारच्या एका कुटुंबाला पोरांना कडेवर घेईपर्यंत अर्धा कार्यक्रम संपला होता. खालून निळ्या-हिरव्या बोटी निघाल्या. एकीवर तमिळ अक्षरे, एकीवर क्रूस, एकीवर चांद. उभ्याने सुकाणू धरलेला एक तरुण वर बघून हात हलवत गेला. शेजारी जुना पूल गंजलेला, तसाच. तो खाली काढणार असे आसपासचे लोक म्हणत होते.

मशिदीच्या आळीतले कलामांचे घर आता संग्रहालय आहे. पेयकरुंबूला, जिथे ३० जुलै २०१५ रोजी त्यांचे दफन झाले, तिथे मोठे स्मारक आहे आणि त्यात अग्निबाण आहेत, क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती आहेत, राष्ट्रपती भवनाची आठवण आहे. आम्ही तिथे नाव शोधत होतो. जैनुलाबदीनची नाव नव्हे, ती तर वादळाने नेली. निदान मंडपम ते पांबन माणसे नेणाऱ्या त्या जुन्या नावांचा एखादा नमुना, त्यांच्या तांड्यांची, भाड्याची, नाखवांच्या नावांची एखादी यादी. पुलांच्या इतिहासात अभियंते आहेत, कंपन्या आहेत, उद्घाटने आहेत, तारखा आहेत. आम्हीही इथे त्या तारखाच अधिक दिल्या, कारण त्या मिळतात. त्या नाववाल्यांपैकी इतिहासात नाव लागले ते एकाच घराचे, आणि तेही त्या घरातला मुलगा अग्निबाण उडवू लागला म्हणून.

मशिदीच्या आळीतल्या त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही निरोप घेताना विचारले होते, तुमच्या घरात कुणी पूर्वी नाव चालवीत होते का? नातवाने प्रश्न तमिळमध्ये सांगितला. ते थोडा वेळ बोलले, हातांनी वल्ह्याची खूण केली, मग पुलाच्या दिशेला हात केला. नातवाने त्यातले अर्धेच आम्हाला सांगितले. अर्धे शब्द त्यालाही कळले नव्हते. ते नावेचे शब्द होते, म्हणाला, ते आता घरात कुणी वापरत नाही.